नातवासाठी ठेवलेली पोर्ट

दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर टाका आणि ओळ धरा. चड्डी वर दुमडलेली आहे आणि उघडे पाय मांडीपर्यंत द्राक्षांत रुतलेत. साल 1963, सप्टेंबर सरत आलाय, रात्रीची जेवणं नुकतीच उरकलीत. उत्तर पोर्तुगालमध्ये, दोउरो नदीच्या खोऱ्यात, पिन्यांव गावाच्या वरच्या अंगाला एका मळ्यात तुम्ही ग्रॅनाइटच्या चौकोनी हौदात उभे आहात. या हौदाला इथे लागार म्हणतात. मुकादम काठावरून ओरडतो, ‘‘एक, दोन! एक, दोन!’’ त्या ठेक्यावर सगळी ओळ एकदम गुडघा उचलते, एकदम खाली दाबते आणि बोटभर पुढे सरकते. द्राक्षं गार आहेत. देठ तळव्यांना टोचतात. पहिले दोन तास गाणं नाही, गप्पा नाहीत, ओळ मोडायची नाही.

दिवसभर बायकांनी उतारावर द्राक्षं खुडली आणि पुरुषांनी पन्नास-पन्नास किलोंच्या टोपल्या पाठीवर घेऊन दगडी पायऱ्यांनी खाली आणल्या. तुम्हीही आणल्यात; मानेचा काटा ढिला झालाय. इथली जमीन म्हणजे पापुद्र्यांचा शिस्ट खडक. तो फोडून डोंगरभर बांध घातलेत आणि वेलींची मुळं खडकाच्या भेगांतून पाण्याच्या शोधात खोल उतरलीत. पोर्ट या वाइनची द्राक्षं नेमकी कुठल्या जमिनीतली हवीत, हे पुढे मार्केश द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने 1756 सालीच ठरवून टाकलं आणि नंतर हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्याला तेव्हा सतराच वर्षं झाली होती.

दोन तास भरतात आणि मुकादम मोकळीक देतो. ओळ सुटते, अकॉर्डियन सुरू होतं, चोथ्याच्या दारूचा एकेक घोट हौदातच हातोहात फिरतो. आता कसंही नाचा, फक्त थांबू नका. रस कोमट होऊ लागलाय, जांभळा फेस पोटऱ्यांना चिकटतोय. शेजारचा पोरगा विचारतो, ‘‘कुठला तू?’’

‘‘मुंबईकडचा.’’

‘‘म्हणजे गोव्याजवळचा.’’ तो मुकादमाकडे एकदा बघतो आणि आवाज उतरवतो. त्याचा भाऊ डिसेंबर 1961 मध्ये गोव्यात शिपाई होता. काही महिने भारताच्या छावणीत राहून परत आला, पण गावात कोणी स्वागत केलं नाही. शरण आलेल्या गव्हर्नर-जनरलला तर याच साली लष्करातून काढून टाकलंय. गोवा गेला हे सालाझारचं सरकार मान्यच करत नाही, त्यामुळे तिथून आलेल्या माणसाने काय बोलायचं हा प्रश्नच आहे. या पोराचा नंबर पुढच्या वर्षी लागेल, अंगोलाला. त्याचे दोन मित्र त्याआधीच सीमा ओलांडून फ्रान्सला पळालेत. हौदातली माणसं मोजलीत तर कळेल: निम्मी पन्नाशीच्या पुढची आहेत.

म्हणूनच थोड्याच वर्षांत इथले बरेच हौद ओस पडतील आणि त्यांच्या जागी तुडवण्याचं काम आपोआप करणाऱ्या बंद टाक्या येतील. पण आज पायच लागतात, आणि त्याला कारण आहे. हा रस जेमतेम दोन-तीन दिवस आंबणार. तेवढ्या वेळात सालींमधला सगळा रंग आणि सगळा तुरटपणा काढून घ्यायचा. तळवा साल फाडतो, पण बी फोडत नाही. बी फुटली की कडू तेल उतरतं. पुढच्या काळात यांत्रिक पाय बसवलेले हौदही निघतील, ते या तळव्याचीच नक्कल करतील.

दोन दिवसांनी रसातली निम्मी साखर संपली की हौदाचं तोंड उघडतं. खाली पिंपात आधीच द्राक्षांची दारू ओतून ठेवलेली आहे, रंगहीन, सत्त्याहत्तर टक्के अल्कोहोलची. साडेपाचशे लिटरच्या पिंपाला 115 लिटर दारू आणि 435 लिटर रस, असा हिशोब. दारूचा मारा बसताच यीस्ट मरतं आणि आंबणं जागच्या जागी थांबतं. उरलेली साखर, लिटरमागे शंभरेक ग्रॅम, तशीच राहते. पोर्ट गोड का आणि कडक का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका क्षणात आहे. तो पोरगा ओंजळीने थोडी पिऊन बघतो आणि तोंड वाकडं करतो. ही वाइन तयार झाल्यावर कशी लागते, ते त्याला कधीच कळणार नाही.

आता 1965 च्या वसंतात या. तुम्ही समुद्राजवळ, पोर्तो शहरासमोरच्या विला नोव्हा द गायामध्ये, लांबलचक कौलारू वखारीत आहात. डोंगरातल्या उन्हाळ्यात वाइन भाजून निघू नये म्हणून ती गेल्या वसंतात इथे, अटलांटिकच्या दमट हवेत आणली. पूर्वी ती रबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून यायची. नदीचे धबधबे माणसं गिळायचे. 1861 मध्ये पोर्टचा नामांकित व्यापारी बॅरन फॉरेस्टर त्यातच बुडाला. आता आगगाडी आणि ट्रक आहेत.

टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या मांडल्यात. पेला उजेडाकडे धरा. आरपार काही दिसत नाही, दौतीतली शाई बरी. घोट घ्या. आधी साखर, मग दारूचा चटका, आणि मग हिरड्या आखडून टाकणारा तुरटपणा. तुम्ही थुंकता, पण मुख्य परीक्षक हसतोय. त्याला हेच हवं होतं. आज मवाळ लागणारी वाइन चाळीस वर्षं तग धरणार नाही.

दहा वर्षांत साधारण तीनदाच एखादं साल ‘व्हिंटेज’ म्हणून जाहीर होतं. प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते आणि पोर्ट वाइनची सरकारी संस्था चाखून शिक्कामोर्तब करते. 1963 बद्दल मात्र फारशी चर्चाच होत नाही. बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्या ते जाहीर करतात.

इथे वाटा फुटतात. जी पोर्ट पिंपातच राहील, तिला लाकडातून हवा लागत राहील, रंग उतरून ती तांबूस-पिंगट टॉनी होईल. तिची वाट बघण्याचं काम कंपनी स्वतःच्या वखारीत, स्वतःच्या खर्चाने करते. व्हिंटेज पोर्टचं उलट असतं. लाकडात दोन-तीन हिवाळे काढून ती न गाळता बाटलीत भरायची आणि विकून मोकळं व्हायचं. पुढची वीस, चाळीस, साठ वर्षं गिऱ्हाईकाने बघावीत. तिचा अर्धा कारखाना दोउरोत असतो आणि उरलेला अर्धा कोणाच्या तरी घराखाली.

तो अर्धा बघायला 1966 सालच्या ब्रिस्टलला चला. इंग्लंडचे वाइन व्यापारी अजून पोर्टची पिंपंच मागवतात आणि स्वतःच्या तळघरात बाटल्या भरतात. 1970 च्या व्हिंटेजनंतर ही रीत बंद होईल आणि बाटल्या पोर्तुगालमध्येच भरणं सक्तीचं होईल. तुमच्या हातात चुन्याचा डबा आणि ब्रश दिलाय. गडद काचेची बाटली आडवी ठेवायची आणि वर आलेल्या बाजूला चुन्याचा एक फराटा ओढायचा. एवढंच. लेबल लावायचं नाही; तळघरातल्या ओलीत ते कुजून जातं. कंपनीचं नाव आणि साल लांब बुचावर छापलंय, ते बूच काढेपर्यंत कोणाला दिसणार नाही. फराटा मात्र सगळ्यांना दिसला पाहिजे. बाटली आडवी पडली की गाळ खालच्या अंगाला बसणार, वर्षानुवर्षं त्याचा साका काचेला धरणार. बाटली कधी हलवलीच, तर पुन्हा ठेवताना फराटा वर हवा.

दोन डझन बाटल्या हातगाडीवर घाला आणि क्लिफ्टनच्या चढावरच्या त्या जुन्या घरांच्या ओळीत न्या. घराखाली, थेट फुटपाथच्या पोटात, विटांच्या कमानीची एक कोठी आहे. ही कोळशाची खोली. फुटपाथवरचं लोखंडी गोल झाकण उघडून कोळसा वरूनच ओतायचे. आता घरात गॅस आलाय आणि खोली रिकामी आहे. भिंतीवर तापमापी टांगलंय, तेरा अंश.

घरचे आजोबा चौसष्ट वर्षांचे आहेत. नातू 1963 चा. तो जन्मला त्या सालची पोर्ट घेऊन ठेवायची आणि एकविसाव्या वाढदिवसाला पहिली उघडायची, हा तिकडच्या सुखवस्तू घरांतला जुना रिवाज. ते प्रत्येक बाटलीचा फराटा बघून ती कप्प्यात आडवी लावतात, मग वहीत नोंद करतात: साल, संख्या, कप्पा. तुम्ही मनातल्या मनात बेरीज करता. 1984 ला ते ब्याऐंशी वर्षांचे असतील. त्यांनीही ती बेरीज केलेली आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. वही मिटून ते म्हणतात, ‘‘चला, चहा घेऊ.’’

इथून पुढे या खोलीत जे काही घडतं, ते न केलेल्या गोष्टींनी घडतं.

जानेवारी 1974. कोळसा खाणींचं भांडण पेटलंय, विजेची टंचाई आहे, कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळते. नातवाचा बाप मेणबत्ती घेऊन जिना उतरतो. दिवस वाईट गेलाय. काहीतरी कडक हवंय. त्याचा हात पोर्टच्या कप्प्याजवळ थांबतो. तुम्ही त्याच्या मागे उभे आहात आणि त्याला काही सांगू शकत नाही. तो शेजारच्या कप्प्यातली साधी बोर्दो उचलून वर जातो.

जुलै 1976. दक्षिण इंग्लंडात असा उन्हाळा कोणाला आठवत नाही. सलग पंधरा दिवस कुठे ना कुठे पारा बत्तिशीवर. वर गवत वाळून पिवळं पडलंय. इथे खाली तापमापी दोनच अंश चढलंय. कोणी बाटल्या बर्फात घालत नाही, वर आणून ठेवत नाही. कमानीवर टाकलेली दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची माती आपलं काम करते.

बाटलीच्या आतही काम चालू आहे. लागारमध्ये सालींतून काढलेले रंगाचे आणि तुरटपणाचे रेणू एकमेकांना धरतात, साखळ्या लांबत जातात, जड होतात आणि खालच्या अंगाला बसतात. साका दर वर्षी थोडा वाढतो, तेवढी वर उरलेली वाइन फिकी आणि मऊ होत जाते. साखर आणि अल्कोहोल जवळपास होते तेवढेच राहतात; म्हणूनच ही वाइन इतकी वर्षं नासत नाही. उष्णतेने हे सगळं घाईने उरकलं असतं आणि फळाचा स्वाद करपला असता. बूच वाळलं असतं, तर हवा शिरली असती. तळघराने ओल आणि गारवा दिला, घरच्यांनी दार लावून घेतलं.

1979 मध्ये आजोबा जातात. दुखवट्याला आलेल्यांना शेरी दिली जाते. पोर्टच्या नोंदीखालचं वहीचं पान कोरंच राहतं.

मग ऑक्टोबर 1984. पहिल्या बाटल्या निघतात आणि तुम्ही जेवणाच्या लांब टेबलाशी पाहुणे म्हणून बसलेले आहात. डिकँटर, म्हणजे पोर्ट ओतून घेतलेला काचेचा चंबू, डावीकडे डावीकडे फिरतो. टेबलावर टेकवून ठेवायचा नाही, पुढे द्यायचा. नातवाच्या हातात तो अडकतो. समोरचा म्हातारा गंभीर चेहऱ्याने विचारतो, ‘‘नॉरिचच्या बिशपना ओळखतोस का रे?’’ पोरगा खरंच विचारात पडतो. सगळं टेबल हसतं. हा प्रश्न म्हणजे ‘डिकँटर सोड’ असं सांगण्याची इंग्रजी पद्धत. पोर्ट अजून माणकाच्या रंगाची आहे, भरगच्च, जांभळाच्या फळाची, आणि शेवटी थोडी दात धरणारी. नातू म्हणतो, छान आहे. त्याला बिअर आवडते. तोच म्हातारा पेल्याकडे बघून म्हणतो, ‘‘उरलेल्यांना अजून वीस वर्षं हात लावू नकोस.’’

यात गंमत अशी की, याच सुमारास घरांखालची तळघरं कमी होत चाललीत. माणसं फ्लॅटमध्ये गेली, गरम खोल्यांत बाटल्या साठेनात. मग कंपन्यांनी वाट बघण्याचं काम पुन्हा आपल्याकडे घेतलं: एकाच सालची वाइन चार ते सहा वर्षं लाकडात ठेवून, घेतल्या दिवशी पिता येईल अशी ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ त्यांनी बाजारात रुळवली. चांगली असते, आणि तिला नातू लागत नाही.

या घरात मात्र लग्नाला काही बाटल्या गेल्या, 2000 साल उजाडताना काही. त्यानंतर कधीतरी कमानीतून पाणी झिरपू लागलं, म्हणून सगळं बाहेर काढावं लागलं. उरलेल्या बाटल्या उचलल्या त्या दोन मजुरांनी, ज्यांनी आयुष्यात पोर्ट प्यायली नव्हती. काम झाल्यावर त्यांनी त्या परत लावल्या आणि प्रत्येकीचा पांढरा फराटा वर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. पांढरी बाजू वर दिसली होती, म्हणून तशीच ठेवली. 1966 मध्ये तुम्ही ओढलेला तो ब्रश असा कामी आला.

डिसेंबर 2023. नातू साठ वर्षांचा झालाय, केस पिकलेत, आणि ही शेवटची बाटली दोन दिवसांपूर्वीच त्याने उभी करून ठेवलीय, सुटा गाळ तळाला जावा म्हणून. बूच इतकं जुनं आहे की स्क्रू घातला तर भुगा होईल. म्हणून शेगडीत लोखंडी सांडशी तापत पडलीय. तिचे जबडे गोल आहेत, बाटलीच्या गळ्याला बेतून केलेले. ती लालबुंद झाली की बुचाच्या खाली गळ्याला धरायची आणि अर्धा-एक मिनिट तशीच ठेवायची. ‘‘आता,’’ तो म्हणतो. तुम्ही बर्फाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच जागी टेकवता. टक् असा आवाज येतो. गळा बुचासकट सरळ कापल्यागत निघून हातात येतो, एक कपचीही न पडता. बुचाच्या अंगावर, काचेच्या आड, अक्षरं वाचता येतात: कंपनीचं नाव आणि 1963.

मेणबत्ती बाटलीच्या खांद्यामागे ठेवा आणि डिकँटरमध्ये एका धारेने ओता. मध्ये थांबायचं नाही. थांबलात तर गाळ ढवळून निघेल. ज्योतीसमोरून आधी स्वच्छ तांबडी धार जाते, मग तिच्यात काळी रेघ दिसते. तिथे बाटली सरळ करा. तळाशी दोन बोटं चिखल उरलाय.

पोर्ट म्हटलं की तुमच्या जिभेला गोव्याची सहल आठवत असेल, दुकानातून घेतलेली ती गोड, स्वस्त लाल वाइन. ती आज बाजूला ठेवा. पेल्यात बघा: मध्ये फिकट माणिक, कडेला विटकरी, आणि पलीकडे टेबलक्लॉथची वीण दिसते. दौतीतली शाई गेली; ती बाटलीच्या काचेला चिकटून राहिलीय. वास घ्या. सुकं अंजीर, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल, आणि त्याच्या मागून मुरलेल्या गुलकंदाचा. मग घोट. साखर आहे, पण ती आता पुढे येऊन बोलत नाही. वीस टक्के अल्कोहोल आहे, पण चटका नाही, नुसती ऊब. हिरड्या आखडत नाहीत. गिळल्यावर स्वाद जायला हवा तो जात नाही. तुम्ही मनात आकडे मोजू लागता आणि तिशीच्या पुढे सोडून देता.

ज्यांनी ही पायांनी तुडवली, त्यांनी हा स्वाद घेतलेला नाही. ज्याने गायाला थुंकून पसंत केली, त्याने हा असणार असा अंदाज बांधला. ज्याने विकत घेतली, त्याने ती उघडायचा दिवस स्वतःच्या हयातीच्या काठावर ठेवला. म्हणून बुचावरचं साल तिच्या सुरुवातीचं आहे. ती पुरी झाली ती इथे, कोळशाच्या खोलीत, इतक्या जणांनी इतक्या वेळा हात मागे घेतला म्हणून.

‘‘खाली चला, एक दाखवतो,’’ नातू म्हणतो. कप्प्याशेजारी लाकडी खोकं आहे, सहा बाटल्या, 2017 ची व्हिंटेज. आता छापील लेबलं आहेत, चुन्याचा डबा कोणी ठेवत नाही. ‘‘ही एक उघडून बघायची का? तरुण पोर्टही हल्ली लोक आवडीने पितात. फळ असतं भरपूर.’’

‘‘कोणासाठी घेतल्यात?’’

‘‘नात 2017 ची. 2038 ला एकवीसची होईल.’’ तो थांबतो. ‘‘मी पंचाहत्तरचा. असलो तर.’’

‘‘मग राहू द्या की.’’

तो मान हलवतो, जरा खूश होऊन. लेबल वर येईल अशा सहाही बाटल्या तुम्ही दोघं मिळून कप्प्यात आडव्या लावता, वहीत नोंद होते, दार लागतं. आणि मग जिना चढायची घाई करा, कारण डिकँटरमधली आज-उद्यात संपवायला हवी. एकदा हवा लागली की तिला थांबणं जमत नाही.